बत्तीस मैल आत

फार्गो शहर मागे पडलं की आय-९४ हा हायवे नॉर्थ डकोटाच्या माळावरून पश्चिमेकडे जवळजवळ सरळ रेषेत धावतो. दोन्ही बाजूंना गहू, सूर्यफूल, गवत आणि पुन्हा गहू. आम्ही मिनिआपोलिसहून यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाला निघालो होतो. साताऱ्याहून उन्हाळ्यापुरती आलेली आई पुढच्या सीटवर होती. बिस्मार्क सोडून तासभर झाला असेल, तेव्हा तिने विचारलं, "अरे, एवढी पिकं उभी आहेत, मग माणसं राहतात कुठे?"

मी उत्तर जुळवत होतो तेवढ्यात माळावर काहीतरी उभं दिसलं. आधी वाटलं मोबाइलचा टॉवर असावा. जवळ आलो तशी डोळ्याच्या आकाराची प्रचंड चौकट दिसायला लागली. तिच्यात सूर्याचे फाकलेले किरण होते आणि किरणांवर उडत निघालेले रानहंस. सगळं लोखंडाचं. एक्झिट ७२ ची पाटी आली आणि मी इंडिकेटर दिला. ठरलेलं काहीच नव्हतं, तरी गाडी वळली.

ती तशी वळावी म्हणूनच ते शिल्प तिथे उभं आहे. एक्झिटपासून दक्षिणेला ३२ मैलांवर, म्हणजे जवळपास ५१ किलोमीटर आत, रीजंट नावाचं छोटंसं गाव आहे. २०१० च्या जनगणनेत तिथली लोकसंख्या १६० होती. आपल्याकडच्या एखाद्या वाडीएवढीच. त्या गावातल्या एका माणसाने भंगार लोखंडातून सात प्रचंड शिल्पं उभी केली आणि या रस्त्याला नाव मिळालं एन्चँटेड हायवे, आपल्या भाषेत मंतरलेला रस्ता. गाव वाचवण्याचा हा उद्योग नेमका चालतो कसा, कुठे अडतो आणि त्यातून गावाच्या हाती काय पडतं, हे समजून घ्यावं असं मला तेव्हापासून वाटत होतं. त्याची सुरुवात आईच्या प्रश्नापासूनच करावी लागते.

माणसं गेली कुठे?

अमेरिकेच्या मध्यावरच्या या गवताळ माळाला प्रेअरी म्हणतात. हा माळ मुळात इथल्या मूळनिवासी लोकांचा. त्यांच्याकडून तो घेतला गेला आणि १८६२ च्या होमस्टेड कायद्याने नव्या लोकांना वाटला गेला. प्रत्येक कुटुंबाला १६० एकर, मुख्य अट ही: पाच वर्षं तिथे राहायचं आणि जमीन कसायची. जमिनीची मोजणी चौरस मैलाच्या चौकोनांत झाली होती. एका चौकोनात ६४० एकर, म्हणजे चार कुटुंबं. पाच-सहा माणसांचं घर धरलं तर चौरस मैलात वीस-पंचवीस माणसं झाली. सगळीच जमीन अशी वाटली गेली नाही, पण हिशेब समजायला हे चित्र पुरेसं आहे.

मग आली रेल्वे. गहू बाजारात पोचवायचा तर घोडागाडीत भरून स्टेशनापर्यंत न्यावा लागे, आणि सकाळी निघालेला शेतकरी संध्याकाळी घरी परत यायला हवा. म्हणून रेल्वे कंपन्यांनी दर आठ-दहा मैलांवर एक स्टेशन टाकलं. स्टेशनाशेजारी धान्याचं उंच कोठार, त्याला तिथे एलिव्हेटर म्हणतात. कोठाराभोवती किराणा, लोहार, बँक, चर्च, शाळा. रीजंट अशाच रेल्वेच्या काळात, १९१० मध्ये वसलं. ही गावं कुणी नदीकाठ पाहून, देवस्थान पाहून वसवलेली नव्हती. एका घोडागाडीचा दिवसभराचा पल्ला हेच त्यांचं माप.

ते माप मोडल्यावर गावंही मोडायला लागली. ट्रॅक्टर आला, मग कम्बाइन हार्वेस्टर आला, आणि चार कुटुंबांचं काम एकाला झेपू लागलं. ज्याला परवडलं नाही त्याने शेजाऱ्याला जमीन विकली. आज नॉर्थ डकोटात शेताचं सरासरी क्षेत्र सुमारे दीड हजार एकर आहे. जिथे नऊ-दहा घरं होती तिथे आता एक घर. पीक कमी झालेलं नाही, उलट वाढलंच. म्हणून आईला माळ हिरवागार दिसत होता आणि माणूस दिसत नव्हता. एका आकड्यावरून कल्पना येईल: १९३० मध्ये या राज्यात सुमारे ६ लाख ८१ हजार लोक होते, २०१० मध्ये सुमारे ६ लाख ७३ हजार. मधल्या ८० वर्षांत देशाची लोकसंख्या दुपटीहून जास्त झाली आणि हे राज्य होतं तिथेच राहिलं. त्यातही लोक खेड्यांतून उठून फार्गो, बिस्मार्कसारख्या शहरांत गेले.

इथे एक साधी गोष्ट लक्षात घ्यायला हवी. दुकान हळूहळू मरत नाही. त्याला तग धरायला अमुक इतकी गिऱ्हाइकं लागतात. ती आहेत तोवर दुकान चालतं, त्याखाली आकडा गेला की एका हंगामात शटर खाली येतं. किराणा बंद झाला की लोक आठवड्याचा बाजार करायला चाळीस मैलांवरच्या शहरात जातात, आणि गेलेच आहेत तर केसही तिथेच कापतात, औषधंही तिथूनच आणतात. म्हणजे एक दुकान जाताना शेजारच्या दोघांना बरोबर घेऊन जातं. शेवटी शाळेची पाळी येते. रीजंटची शाळा शेजारच्या मॉट गावच्या शाळेत विलीन झाली. शाळा गेली की तरुण जोडपं त्या गावात घर घेत नाही, आणि तिथून पुढची उतरण फार वेगाने होते.

वर इंटरस्टेट हायवे. १९५६ नंतर देशभर बांधलेले हे रस्ते गावागावांतून न जाता माळावरून थेट निघून गेले. बायपास झाल्यावर जुन्या रस्त्यावरच्या हॉटेलांचं काय होतं हे आपल्याकडे कुणाला सांगायला नको. एक्स्प्रेसवेने गाडी कधी पुढे निघून गेली ते खालच्या गावातल्या चहावाल्याला कळतही नाही. रीजंटच्या बाबतीत तर बायपासचंही दुखणं नाही. हायवे पहिल्यापासूनच पन्नास किलोमीटर लांब आहे. माणूस चुकून वाट वाकडी करून तिथे येईल, ही शक्यताच नाही.

एका मास्तरांचा हिशेब

गॅरी ग्रेफ हे शाळेत शिक्षक आणि पुढे मुख्याध्यापक होते. १९८० च्या दशकाच्या शेवटी ते आपल्या गावी परत आले तेव्हा गाव ओसरताना त्यांनी पाहिलं. त्यांच्या बोलण्यात एक आठवण नेहमी येते. जवळपासच्या एका शेतकऱ्याने लोखंडाचा माणूस करून त्याच्या हाती गवताचा गठ्ठा दिला होता, आणि येणारेजाणारे गाडी थांबवून त्याचा फोटो काढत. एवढ्याशा पुतळ्यासाठी गाडी थांबते, तर मग प्रचंड काहीतरी केलं तर?

१९८९ मध्ये त्यांनी काम सुरू केलं. वेल्डिंग येत नव्हतं, शिल्पकलेचं शिक्षण नव्हतं. वेल्डिंग ते करता करता शिकले. माल मिळाला तो परिसरातच: तेलविहिरींचे जुने पाइप, तेलाच्या रिकाम्या टाक्या, पत्रे, काटेरी तार, टेलिफोनचे खांब. शेतकऱ्यांनी रस्त्यालगतचे जमिनीचे तुकडे वापरायला दिले, काहींनी हातही लावला. पैसा उभा राहिला देणग्या, छोटी अनुदानं आणि गावातल्या भेटवस्तूंच्या दुकानातून.

ग्रेफ यांच्या हिशेबातला कळीचा मुद्दा आकाराचा आहे. हायवेवरून ताशी १२० किलोमीटरने जाणाऱ्या माणसाला सुंदर गोष्ट दिसत नाही, मोठी गोष्ट दिसते. साधी शिल्पं बघायला कुणी ३२ मैल आत येणार नाही. जगातली सर्वात मोठी असतील तर कदाचित येतील, असा त्यांचा विचार होता. हायवेवरून मी पाहिलेलं रानहंसांचं शिल्प ११० फूट उंच आणि १५४ फूट रुंद आहे. दहा मजली इमारतीएवढं. वजन सुमारे ७१ टन. २००२ मध्ये गिनीज बुकाने भंगार धातूचं जगातलं सर्वात मोठं शिल्प म्हणून त्याची नोंद घेतली.

पण मला आकारापेक्षा मांडणी जास्त हुशारीची वाटते. नकाशा समोर घेऊन बघा. सातही शिल्पं एक्झिटजवळ एकाच बागेत मांडली असती तर बघे कितीतरी जास्त आले असते. देखभाल सोपी, रस्ता छोटा. आणि रीजंटला एक डॉलरही मिळाला नसता, कारण लोक बघून पुन्हा हायवेला लागले असते. उलट सगळी रीजंटमध्ये ठेवली असती तर हायवेवरून काहीच दिसलं नसतं आणि कुणी फिरकलं नसतं. म्हणून ती माळेतल्या मण्यांसारखी ओवली आहेत. पहिला मणी हायवेवरून दिसतो. त्यानंतर हरणं, मग नाकतोडे, मग मासे, मग फेझंट पक्षी, मग घोड्यावरचे राष्ट्राध्यक्ष थिओडोर रुझवेल्ट, आणि रीजंटच्या अगदी जवळ पत्र्याचं कुटुंब. दर काही मैलांनी पुढचं शिल्प खुणावतं. तिसऱ्या-चौथ्या शिल्पापर्यंत पोचलेला माणूस अर्धी वाट चाललेला असतो. "आता एवढं आलोच आहोत तर" हे वाक्य आमच्या गाडीत दोनदा उच्चारलं गेलं.

शिल्पं झाली मात्र साधारण उलट्या क्रमाने. पत्र्याचं कुटुंब १९९१ मध्ये, गावाशेजारी. रुझवेल्ट १९९३, फेझंट १९९६, नाकतोडे १९९९. हायवेवरचे रानहंस २००१ मध्ये, म्हणजे कामाला लागल्यावर बारा वर्षांनी. दुकान आधी भरलं आणि पाटी नंतर लावली, असं म्हणता येईल. माझ्या मते यात शहाणपण होतं. पहिल्या शिल्पासाठी दाखवायला काहीच नसतं. ते शेजाऱ्यांच्या डोळ्यांसमोर उभं राहिलं तर पुढच्या जागेसाठी जमीन मागायला तोंड राहतं. पाटीसाठी लागणारं ७१ टन लोखंड जमवण्याइतका विश्वास कमवायला दहा वर्षं जाणारच.

पाटीची ताकद या भागात आधीही सिद्ध झालेली आहे. दक्षिणेकडच्या साउथ डकोटात वॉल नावाचं गाव आहे. तिथल्या औषधाच्या दुकानाने १९३० च्या दशकात रस्त्याकडेला पाट्या लावल्या: थंडगार बर्फाचं पाणी फुकट. उन्हातून येणाऱ्या गाड्या थांबू लागल्या, आणि ते दुकान आज एक अख्खं पर्यटनस्थळ झालं आहे. फरक एवढाच की वॉल गाव रस्त्यावरच आहे. रीजंटला रस्ताच घडवावा लागला.

पत्र्याची आई

पत्र्याच्या कुटुंबापाशी आम्ही उतरलो तेव्हा वारा असा होता की गाडीचं दार दोन्ही हातांनी धरावं लागलं. बाप ४५ फूट उंच, आई ४४ फूट, मुलगा २३ फूट. अंग जुन्या टाक्यांचं आणि पत्र्यांचं, आधाराला टेलिफोनचे खांब. आईच्या डोक्यावर कुरळे केस आहेत ते काटेरी तारेचे. माझी आई मान वर करून बराच वेळ त्या केसांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "शेतकऱ्याचीच बायको ही. कुंपणाची तार उरली, ती केसांना लावली."

या शिल्पांचे विषय मला आवडतात ते यासाठीच. ते बाहेरून आणलेले नाहीत. नाकतोडे आहेत कारण १९३० च्या दशकातल्या दुष्काळात टोळांनी इथली उभी पिकं फस्त केली होती. त्यातला मोठा नाकतोडा ४० फूट उंच, भोवती लोखंडी लोंब्या. रुझवेल्ट आहेत कारण राष्ट्राध्यक्ष होण्याआधी, १८८३ मध्ये, ते याच राज्याच्या पश्चिम टोकाला आले आणि तिथे गुरं पाळून राहिले. फेझंट हा लांब शेपटीचा रंगीत पक्षी मूळचा आशियातला, पण इथल्या गवतात असा रुळला की शरद ऋतूत त्याच्या शिकारीला लांबलांबून लोक येतात. माशांच्या शिल्पात तर पाण्याचा पृष्ठभागच लोखंडाचा केला आहे. त्याच्याखाली आपण उभे राहतो, म्हणजे तळ्याच्या तळाशी. भोवती मासे, आणि ७० फुटांचा ट्राउट डोक्यावरचं पाणी फोडून वर झेप घेतोय.

वाऱ्याची एक गोष्ट मला तिथे उभं राहिल्यावर समजली. या माळावर वारा अडवायला काही नाही. सपाट पत्र्याची ५० फुटी भिंत उभी केली तर ती शिडासारखी फुगते आणि पाया उपटायला बघते. रुझवेल्टांचं शिल्प पाइपांच्या नुसत्या रेषांनी काढलंय, कागदावर पेनाने काढावं तसं. फेझंटांच्या अंगाला जाळी आहे. वारा आरपार जातो, लोखंड कमी लागतं, आणि मागचं आभाळ चित्रातला रंग बनतं. रीत कोणत्या कारणाने सुरू झाली असेल ते असो, हे तिन्ही फायदे डोळ्यांना दिसतात.

आई मात्र दुसऱ्याच गोष्टीवर अडली होती. बापाच्या पायाशी जाऊन तिने बोटाने पत्रा खरवडला आणि विचारलं, "याला रंग कोण देतं दरवर्षी?"

ज्या बाईने उभा जन्म गावच्या देवळाच्या कळसाला रंग द्यायची वर्गणी गोळा होताना पाहिली आहे, तिलाच हा प्रश्न आधी सुचणार.

रंगाचा खर्च आणि रात्रीची खाट

पर्यटनातून गाव सावरण्याच्या गोष्टी सांगताना हा भाग सहसा गाळला जातो, म्हणून इथे थोडं थांबतो. शिल्प उभारायला देणगी मिळते. उद्घाटन असतं, फोटो छापून येतात. गवत कापायला, रंग द्यायला, तुटलेला पाइप पुन्हा जोडायला देणगी मिळत नाही, कारण त्यात नवीन काहीच नसतं. नॉर्थ डकोटात हिवाळ्यात पारा शून्याच्या खाली ३० अंशांपर्यंत जातो आणि उन्हाळ्यात ३५ च्या वर चढतो. लोखंड आकसतं, फुगतं, रंगाला तडे जातात, तड्यातून पाणी शिरतं, गंज धरतो. म्हणजे दर शिल्पागणिक एक कायमचा खर्च जन्माला येतो. सात शिल्पं म्हणजे सात कधीही न संपणारी कामं. ही कामं बरीच वर्षं मुख्यत्वे ग्रेफ यांनी स्वतःच केली. गवत कापण्यापासून रंगापर्यंत. बघायला तिकीट नाही, कारण उघड्या माळावरच्या शिल्पाला तिकीट लावणार तरी कसं?

मग पैसा यायचा कुठून? समजा, उन्हाळ्यातल्या एका दिवशी शंभर गाड्या वळल्या. हा आकडा मी फक्त हिशेबासाठी धरतोय. त्यातल्या वीस गाड्यांनी गावातल्या दुकानात प्रत्येकी १५ डॉलर खर्च केले तर ३०० डॉलर झाले. पण टी-शर्ट, चुंबकं, कप हे बाहेरून आणलेले. त्यातले अर्धे पैसे माल पाठवणाऱ्याकडे गेले. गावात उरले दीडशे. आता त्याच शंभरातल्या फक्त पाच गाड्या रात्री मुक्कामाला राहिल्या, खोलीला १०० आणि जेवणाला ५० डॉलर दिले, तर ७५० डॉलर होतात. आणि यातला मोठा वाटा मजुरीचा असतो: खोली झाडणारी, जेवण रांधणारा, वाढणारी. ती माणसं गावात किंवा आसपासच राहतात, तिथेच खर्च करतात. थोडक्यात, फोटो काढून जाणाऱ्या पंचवीस गाड्यांपेक्षा रात्रीच्या एका खाटेतून गावाला जास्त मिळतं.

ग्रेफ यांनाही हे कळलं असणार. कारण त्यांनी पुढचं मोठं काम हाती घेतलं ते शिल्प नव्हतं. गावातल्या बंद पडलेल्या शाळेची इमारत घेऊन त्यांनी तिथे किल्ल्याच्या धाटणीचं हॉटेल केलं, एन्चँटेड कासल. २०१२ मध्ये ते सुरू झालं. शाळा गावाच्या ऱ्हासाची शेवटची खूण असते हे मी वर सांगितलंच. त्याच इमारतीत पुन्हा दिवे लागले. आम्ही तिथे राहिलो. शाळेचे लांब कॉरिडॉर कुठल्याही रंगाखाली ओळखू येतात. दोन्ही बाजूंना वर्गांची दारं, फक्त आता आत पलंग. रात्रीच्या जेवणाला बाजूच्या टेबलावर मोंटानाकडे निघालेलं एक कुटुंब होतं. त्यांचाही मुक्कामाचा बेत आधी नव्हता.

या हॉटेलला शिकारीच्या मोसमाचा मोठा आधार आहे. यलोस्टोनला जाणाऱ्या गाड्या मे ते सप्टेंबर. फेझंटची शिकार ऑक्टोबरमध्ये सुरू होते, आणि शिकारी एका रात्रीपुरता येत नाही, चार-पाच रात्री राहतो. या पक्ष्यांची संख्या टिकण्यामागे १९८५ पासूनची एक सरकारी योजना आहे: धूप होणारी जमीन न नांगरता गवताखाली ठेवणाऱ्या शेतकऱ्याला सरकार दरवर्षी मोबदला देतं. त्या गवतात पक्षी अंडी घालतात. म्हणजे रीजंटच्या हॉटेलातली एक खोली ऑक्टोबरात भरते तिच्यामागे शेतीखात्याचं एक धोरण उभं असतं. नुसती कला गाव चालवत नाही. तिला अशा दोन-तीन गोष्टींची जोड लागते.

जेवताना आईने भिलारचा विषय काढला. साताऱ्याची असल्याने पुस्तकांचं गाव हा तिच्या अभिमानाचा विषय. २०१७ च्या मे महिन्यात भिलारमध्ये घराघरांत पुस्तकं मांडली गेली आणि वाचायला येणाऱ्यांची सोय झाली. पण तुलना करताना एक फरक विसरता येत नाही. भिलार पाचगणी आणि महाबळेश्वरच्या मध्ये आहे. पर्यटक आधीच त्या रस्त्यावर होता, त्याला फक्त गाडी थांबवायला कारण हवं होतं. शिवाय मागे राज्य सरकार उभं होतं. रीजंटकडे यातलं काहीच नव्हतं.

एक माणूस की संस्था?

ग्रेफ यांच्याबद्दल मला खूप आदर आहे, आणि म्हणूनच मला काळजीही वाटते. एका माणसाच्या जिद्दीवर उभं राहिलेलं काम त्या माणसाच्या पाठीमागे कोण सांभाळणार, हा प्रश्न प्रेअरीवरच्या अनेक गावांपुढे आला आहे. त्याची दोन वेगळी उत्तरं मला माहीत आहेत.

कॅन्सस राज्यात लूकस नावाचं गाव आहे, तेही काही शे लोकवस्तीचं. तिथे एस. पी. डिन्समूर या यादवी युद्धात लढलेल्या सैनिकाने १९०७ पासून आपल्या घराभोवती काँक्रीटचे पुतळे उभे केले आणि त्या जागेला ईडनची बाग म्हटलं. १९३२ मध्ये ते वारले. पुतळे झिजत राहिले. पण पुढे गावाने ही गोष्ट आपली मानली. १९९० च्या दशकात तिथे लोककलेचं केंद्र उभं राहिलं, कलेचं शिक्षण न घेतलेल्या इतर कलाकारांची कामं गोळा झाली, आणि नंतर एका प्रतिष्ठानाने बागेची रीतसर डागडुजी करून दिली. लूकसमध्ये आज सार्वजनिक शौचालयसुद्धा मोझॅकने मढवलेलं आहे आणि ते बघायला लोक जातात. कलाकार जाऊन नव्वद वर्षं झाली तरी काम चालू आहे, कारण मधल्या काळात त्याला संस्था मिळाली.

दुसरं उत्तर ऑस्ट्रेलियातलं. व्हिक्टोरिया राज्यात गव्हाच्या पट्ट्यात ब्रिम नावाचं चिमुकलं गाव आहे. तिथल्या वापरात नसलेल्या धान्यकोठारांवर चित्रकार गिडो व्हॅन हेल्टन यांनी २०१६ च्या सुरुवातीला चार शेतकऱ्यांची प्रचंड चित्रं काढली. गाड्या यायला लागल्या. ते पाहून शेजारच्या गावांनी आपापली कोठारं वेगवेगळ्या चित्रकारांकडून रंगवून घेतली आणि २०० किलोमीटरची चित्रवाट तयार झाली. तिथे एकाच गावावर, एकाच माणसावर भार नाही. एक गाव थकलं तरी वाट राहते.

रीजंटची वाट या दोन्हींपेक्षा एकाकी आहे. खर्चाला वाटेकरी होईल असं दुसरं गाव या वाटेवर नाही.

आता सरळ प्रश्न: गाव वाचलं का? २००० मध्ये रीजंटची लोकसंख्या २११ होती, २०१० मध्ये १६०, २०२० मध्ये १७०. म्हणजे शिल्पं उभी राहत असतानाही लोक जातच होते. दहा माणसं वाढली त्याचं श्रेय शिल्पांना देणं घाईचं होईल. इतक्या छोट्या गावात दोन कुटुंबं आली तरी आकडा हलतो. लोखंडी नाकतोडा पाहून कुणी माणूस बायकामुलांसह माळावर राहायला येत नाही. शाळा परत सुरू झाली नाही, आणि गव्हाच्या शेताला पुन्हा दहा कुटुंबं लागणार नाहीत.

पण लोकसंख्या ही एकच मोजपट्टी घेतली तर मला वाटतं आपण चुकीचं मोजतो. अशा गावात खरा प्रश्न असतो तो वर म्हटलेल्या आकड्याचा, दुकान तगायला लागणाऱ्या गिऱ्हाइकांचा. गावात १७० माणसं असतील आणि वर्षातले पाच महिने रोज पन्नास अनोळखी माणसं जेवायला, राहायला येत असतील, तर गावाचं हॉटेल जगतं, आणि त्यात त्या १७० जणांनाही संध्याकाळी बसायला जागा मिळते. नकाशावर नाव राहतं. रीजंट कुठे आहे हे मला कळलं आणि आता तुम्हालाही. आसपासच्या माळावर अशी कितीतरी रेल्वेची गावं आहेत ज्यांचं आता फक्त कोठार उरलंय.

सकाळी निघताना आम्ही दुकानात शिरलो. मी फेझंटचं चित्र असलेला कप घेतला. आई काही घेईना. तिला देणगीची पेटी दिसली, तेव्हा तिने पर्स उघडली, वीस डॉलरची नोट चार घड्या करून आत सारली आणि काउंटरपलीकडच्या बाईंना मराठीतच म्हणाली, "रंगाला." बाईंनी मान हलवली. मी भाषांतर केलं तेव्हा त्यांनी विचारलं की कुठल्या शिल्पाला. आईने डोक्याभोवती बोटं फिरवून कुरळे केस दाखवले.